पीआय ३.२ आला म्हणजे गर्भाशयाला रक्त कमी पडतंय का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात परत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर लगेच कळेल. वय ३४. आयव्हीएफचे (टेस्ट ट्यूब बेबी) दोन फ्रोजन ट्रान्सफर, म्हणजे गोठवून ठेवलेला गर्भ गर्भाशयात सोडणं, झाले, दोन्ही वेळेला पाचव्या दिवसाचा एकेक ब्लास्टोसिस्ट (पाच दिवस वाढवलेला गर्भ), ग्रेड चांगली, जेनेटिक टेस्टिंग केलेलं नाही. पहिल्यांदा निगेटिव्ह, दुसऱ्यांदा बीटा (गर्भ रुजल्यावर रक्तात दिसणारं एचसीजी हार्मोन) ४२ आला आणि चार दिवसांनी उतरला. ट्रान्सफरच्या वेळी गर्भाशयाचं आतलं अस्तर ८.४ मिमी, ट्रिपल लाईन (स्कॅनमध्ये तीन रेघा दिसणं, हे चांगलं मानतात). त्यानंतर एक 'फर्टिलिटी डॉपलर' (रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी) करायला सांगितलं, ते पाळीच्या चौथ्या दिवशी झालं, त्यात उजवीकडे पीआय (पल्सॅटिलिटी इंडेक्स) ३.२, डावीकडे २.९, आरआय (त्याच प्रकारचा दुसरा आकडा, रेझिस्टन्स इंडेक्स) ०.८८ आणि खाली एक ओळ, 'गर्भाशयाचा रक्तपुरवठा कमी'. त्यावरून आता ऍस्पिरिन, सिल्डेनाफिल, रक्त पातळ करणाऱ्या हेपरिनची इंजेक्शनं आणि पीआरपी असं सगळं एकदम सुचवलंय. आणि तुमचं शेवटचं वाक्य होतं, 'माझं गर्भाशय सुकत चाललंय का, पुढचा ट्रान्सफर करू की थांबू?'

मी गेली बरीच वर्षं हेच काम करते, दिवसभर प्रोब हातात असतो आणि ट्रान्सफरही मीच करते. तुम्हाला तपासलेलं नाही, फिल्म पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे जे लिहितेय ते तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावं म्हणून. पण एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, तुम्ही जे लिहिलंय त्यात मला सुकलेलं गर्भाशय कुठेच दिसत नाहीये.

आता पीआय म्हणजे नक्की काय ते बघू, कारण सगळी भीती त्या एका आकड्यातून आलीये. गर्भाशयाला दोन्ही बाजूंनी एकेक मोठी रक्तवाहिनी येते, युटेराइन आर्टरी. आम्ही ती गर्भाशयाच्या मुखाच्या बाजूला, वर चढायला लागते तिथे पकडतो आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला रक्त किती वेगाने पळतंय त्याचा आलेख काढतो. ठोक्याच्या वेळचा सगळ्यात जास्त वेग, त्यातून दोन ठोक्यांच्या मधला सगळ्यात कमी वेग वजा करायचा आणि सरासरी वेगाने भागायचं, झाला पीआय. समजा जास्तीत जास्त वेग ४०, कमीत कमी ५ आणि सरासरी ११ आली तर ३५ भागिले ११, म्हणजे ३.२. आता त्याच बाईची सरासरी मशीनने ११ च्या ऐवजी १२.५ पकडली तर पीआय येतो २.८. बस, एवढ्या फरकावर एक रिपोर्ट 'कमी' आणि दुसरा 'नॉर्मल'. आणि सरासरीत एवढा फरक पडायला काही मोठं घडावं लागत नाही, आलेखाभोवतीची रेघ मशीनने जरा सैल ओढली, प्रोबचा कोन थोडा बदलला, कर्सर मुख्य वाहिनीवरून सरकून फांदीवर गेला, बाई घाबरलेली होती आणि नाडी जोरात चालू होती, काहीही पुरतं. आमच्याकडे नवीन मशीन आलं तेव्हा मी आणि माझ्या सहकारी डॉक्टरनी हौसेने एकाच पेशंटचं अर्ध्या तासाच्या अंतराने मोजलं होतं, माझं आलं ३.३ आणि तिचं २.७. दोघींनाही वाटत होतं आपलंच बरोबर. तेव्हापासून मी रिपोर्टमध्ये नुसता आकडा लिहिते, 'कमी' हा शब्द लिहायच्या आधी वेगळ्या दिवशी परत बघते.

शिवाय पीआय हा रक्त किती मिळतंय याचा आकडाच नाहीये. तो आहे पुढच्या वाहिन्यांमध्ये अडथळा किती आहे याचा अंदाज. म्हणजे घराला पाणी किती लिटर आलं ते न मोजता रस्त्यावरच्या मोठ्या पाईपमध्ये धक्का कसा बसतोय ते बघायचं आणि त्यावरून स्वयंपाकघरातल्या नळाबद्दल बोलायचं, तसं काहीसं. कारण ती मोठी वाहिनी पुढे गर्भाशयाच्या जाड स्नायूला रक्त देते, मुखाला देते, फांद्या ट्यूब आणि ओव्हरीकडेही जातात. अस्तरापर्यंत पोचेपर्यंत तिच्या फांद्यांच्या फांद्या होऊन शेवटी नागमोडी वळणाच्या बारीक स्पायरल वाहिन्या होतात, आणि गर्भ रुजतो तो त्यांच्या टोकाशी. मुख्य वाहिनीत काय चाललंय त्यावरून तिथलं सांगणं म्हणजे बऱ्याच अंशी तर्कच.

आणि आता तुमच्या रिपोर्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी कदाचित कोणी तुम्हाला सांगितली नाही. तो चौथ्या दिवशी केलाय. पाळीच्या सुरुवातीला इस्ट्रोजेन अगदी कमी असतं, आणि या वाहिन्या सैल करणारं मुख्य हार्मोन तेच. त्यामुळे त्या दिवसांत पीआय चढाच असतो, ३ च्या आसपास किंवा वर दिसणं अगदी रोजचं आहे, पुढे तो उतरत जातो आणि ओव्ह्युलेशननंतर आठवड्याभराने, म्हणजे नेमका गर्भ रुजायच्या दिवसांत, सगळ्यात कमी असतो. ज्या ३ या आकड्यावरून तुम्हाला घाबरवलंय तो मूळचा १९९२ मधल्या लंडनच्या एका अभ्यासातला, आणि तिथे मोजलं होतं ते ट्रान्सफरच्या आधी, म्हणजे हार्मोन देऊन तयार झालेल्या गर्भाशयात. चौथ्या दिवसाचा आकडा त्या पट्टीवर लावणं म्हणजे सकाळी उपाशीपोटी काढलेली शुगर जेवणानंतरच्या रेंजशी ताडून बघणं. रिपोर्टमध्ये 'कलर झोन २ पर्यंतच' असंही लिहिलंय म्हणालात, त्याबद्दल वेगळं सांगायला नको, हे झोन वाढलेल्या अस्तराच्या थरांवरून ठरवतात, चौथ्या दिवशी रक्तस्राव चालू असताना अस्तर असतं तरी केवढं! (त्यातही कलर दिसणं न दिसणं मशीनच्या सेटिंगवर फार अवलंबून असतं, गर्भाशय मागे कललेलं असेल, वाहिन्या खोल असतील, फिल्टर चढा ठेवला असेल तर हळू वाहणारं रक्त स्क्रीनवर गायबच होतं.)

बरं, समजा योग्य दिवशी, नीट मोजूनही पीआय ३.२ च आला, तरी काय? त्या पहिल्या अभ्यासानंतर या विषयावर पुष्कळ काम झालं. काहींना पीआय आणि प्रेग्नन्सी यांचा संबंध दिसला, काहींना अजिबात नाही, थ्रीडी पॉवर डॉपलरने थेट अस्तरातलं रक्त मोजून बघितलं तिथेही तेच, एकमत नाही. माझा स्वतःचा अनुभव असा की खूपच चढा पीआय आणि सोबत पातळ, न वाढणारं अस्तर अशी जोडी असली की मी सावध होते. नुसता पीआय चढा आणि अस्तर छान असेल तर मी ट्रान्सफर पुढे ढकलत नाही, आणि अशा बायकांना गर्भ राहिलेला मी भरपूर वेळा पाहिलाय.

तुमचं अस्तर ८.४ मिमी आणि ट्रिपल लाईन आहे, याच्याकडे परत या. अस्तर वाढवणारं इस्ट्रोजेन, तुम्ही गोळी घ्या नाहीतर पॅच लावा, अस्तरापर्यंत रक्तातूनच जातं. चार मिमीचं आठ मिमी व्हायला लागणारा प्राणवायू, साखर, सगळं रक्तातूनच. रक्त पोचत नसतं तर ते वाढलं कशावर? आणि दुसऱ्या वेळी बीटा ४२ आला होता. एचसीजी गर्भाच्या पेशी बनवतात, आणि तो तुमच्या रक्तात दिसला याचा अर्थ गर्भ अस्तराला चिकटून आत शिरायला लागला होता. पुढे तो वाढला नाही, हे वाईटच झालं, त्याचं दुःख मी लहान करत नाहीये. पण ज्या गर्भाशयात रुजायला सुरुवात झाली त्याला सुकलेलं म्हणत नाहीत. एवढ्या लवकर थांबलेल्या प्रेग्नन्सीत बहुतेक वेळा दोष गर्भाच्या क्रोमोसोममध्ये असतो, पस्तिशीच्या आसपास दिसायला झकास असलेल्या ब्लास्टोसिस्टपैकीसुद्धा साधारण तीनातला एक तसा निघतो, चाळिशीनंतर तर निम्म्याहून जास्त. मायक्रोस्कोपखाली ग्रेड बघून ते कळत नाही.

दोन वेळा फेल म्हणजे काहीतरी मोठं बिघडलंय असं वाटणं साहजिक आहे, पण थोडा हिशोब करून बघा. समजा प्रत्येक चांगल्या ब्लास्टोसिस्टला ४० टक्के चान्स आहे. मग एका वेळी न राहण्याची शक्यता ६० टक्के, सलग दोनदा न राहण्याची ०.६ गुणिले ०.६, म्हणजे ३६ टक्के. शंभर बायका, कोणालाही काहीच दोष नाही, तरी छत्तीस जणींच्या पदरी दोन निगेटिव्ह येणार. तुम्ही त्या छत्तीसमध्ये असू शकता एवढंच. हे मला पेशंटला समोर बसवून सांगायला सगळ्यात जड जातं, कारण कारण मिळालं की माणसाला बरं वाटतं, औषध घेता येतं, आणि 'नशीब' असं म्हटलं की डॉक्टर हात झटकतायत असं वाटतं. पीआयचा आकडा इतका लोकप्रिय का झाला त्याचं अर्ध उत्तर मला इथे दिसतं.

आणखी एक गंमत. आपण सगळे धरून चालतो की जितकं जास्त रक्त तितकं गर्भाला चांगलं. पण सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भाच्याच पेशी त्या स्पायरल वाहिन्यांच्या तोंडाशी बुचासारख्या बसतात आणि आईचं रक्त धो धो आत येऊ देत नाहीत, गर्भ कमी प्राणवायूतच वाढतो, आणि साधारण दहा ते बारा आठवड्यांच्या सुमारास ती बुचं सुटतात. म्हणजे त्या वेळी निसर्गालाच पूर नकोय. रक्त वाढवायचं म्हणून जे जे करतात ते सगळं त्या दिवसांत फायद्याचंच असेल असं म्हणूनच मला वाटत नाही.

आता औषधांकडे. एकेकाचं वेगळं बघायला हवं, कारण चारही एका पिशवीत घातलीयत.

ऍस्पिरिन, छोट्या डोसची. नव्वदच्या दशकात एका ट्रायलमध्ये छान रिझल्ट दिसला आणि सगळीकडे सुरू झाली, नंतरच्या ट्रायल एकत्र करून बघितल्या तर आयव्हीएफ करणाऱ्या सरसकट सगळ्यांना देऊन फायदा दिसत नाही. तिची खरी जागा वेगळी आहे. गर्भ राहिल्यावर ज्यांना बीपी वाढायचा म्हणजे प्रीएक्लॅम्पसियाचा धोका जास्त आहे त्यांना सोळा आठवड्यांच्या आत सुरू करायची, २०१७ च्या एका मोठ्या ट्रायलमध्ये १५० मिग्रॅ ऍस्पिरिनने लवकर होणारा प्रीएक्लॅम्पसिया ६२ टक्क्यांनी कमी झाला. आणि बघा, तो धोका ओळखायला ११ ते १३ आठवड्यांच्या सोनोग्राफीत हाच युटेराइन आर्टरीचा पीआय वापरतात, बीपी आणि रक्ताच्या तपासणीसोबत. म्हणजे हा आकडा निरुपयोगी मुळीच नाही, चुकीच्या वेळी विचारला जातोय.

हेपरिन. ज्यांना अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम (रक्त सहज गोठण्याचा एक आजार) आहे किंवा आधी रक्ताची गुठळी झालेली आहे त्यांना ते द्यायलाच हवं, त्यात वाद नाही. पण त्या सिंड्रोमचं निदान रक्ताच्या ठराविक तपासण्यांवर होतं आणि पॉझिटिव्ह आली तर बारा आठवड्यांनी परत करून खात्री करतात. डॉपलरवर ते निदान होत नाही. तुमच्या यादीत त्या तपासण्या दिसल्या नाहीत. रोज पोटात सुई टोचून घ्यायची, निळे डाग, रक्तस्रावाचा धोका, प्लेटलेट्सवर लक्ष ठेवणं, हे सगळं 'असू दे सोबत' म्हणून करायची गोष्ट नाही. मात्र, आणि हे नीट वाचा, वेगळ्या कारणाने तुम्हाला ते आधीपासून चालू असेल तर माझं वाचून बंद करू नका.

सिल्डेनाफिल म्हणजे पुरुषांसाठी प्रसिद्ध झालेलं तेच. वाहिन्या सैल करतं, त्यामुळे पातळ अस्तरात वापरून बघण्यामागे तर्क आहे. २००० साली पहिला रिपोर्ट आला तो चार पेशंटचा होता, चार! त्यानंतरही जे अभ्यास झाले ते बहुतेक लहान. मी स्वतः ते वापरते, पण फक्त अस्तर ७ मिमीच्या खाली अडकून बसलेल्यांमध्ये, बाकी सगळं करून झाल्यावर, आणि पेशंटला सांगून की हा प्रयोग आहे. काहींचं मिमीभर वाढतं, काहींचं ढिम्म हलत नाही, डोकं दुखणं आणि चेहरा गरम होणं मात्र बऱ्याच जणी सांगतात. हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्यांनी तर हात लावायचा नाही. तुमचं अस्तर ८.४ आहे. मग वाढवायचंय काय?

पीआरपीचंही तसंच. तुमचंच रक्त काढून, फिरवून, प्लेटलेट्सवाला भाग बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. पातळ अस्तरात आशा दाखवणारे छोटे अभ्यास आहेत, पक्का पुरावा नाही, चांगल्या अस्तरात करण्यामागे मला तरी कारण दिसत नाही. युरोपच्या फर्टिलिटी तज्ज्ञांच्या संघटनेने, एश्रेने, २०२३ मध्ये अशा जोडउपचारांचा आढावा घेतला, त्यातही बहुतेकांची रोजच्या वापरासाठी शिफारस नाही. ऍक्युपंक्चर तुम्ही विचारलं नाहीत पण कोणीतरी सुचवेलच, २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या ८४८ बायकांवरचा ट्रायल आला, खरं ऍक्युपंक्चर १८.३ टक्के बाळं, खोटं १७.८ टक्के. आवडत असेल, मन शांत होत असेल तर करा, आकड्यासाठी नको.

मग रक्तपुरवठा हा विषयच खोटा का? नाही हो. खरोखर कमी रक्ताची गर्भाशयं मी पाहिलीयत. लहानपणी कॅन्सरसाठी ओटीपोटावर रेडिएशन झालेल्या मुली, ज्यांचं गर्भाशयच लहान राहतं. वारंवार क्युरेटिंग होऊन आत चिकटलेलं, जखमांचे व्रण असलेलं अस्तर. फायब्रॉईडसाठी (गर्भाशयातल्या गाठी) युटेराइन आर्टरी बंद केलेली. ऍडिनोमायोसिसमध्ये (अस्तर स्नायूत शिरतं तो आजार) रक्त असतं पण स्नायूच बिघडलेला असतो. आणि सिगारेट, स्वतः ओढा नाहीतर घरातला दुसरा ओढो, निकोटिन वाहिन्या आवळतं, सगळ्या गोळ्यांच्या आधी ते बंद करणं जास्त कामाचं. यातल्या प्रत्येकीत आकड्याच्या मागे एक गोष्ट असते आणि ती विचारल्यावर बाहेर येते. तुम्ही लिहिलेल्यात अशी गोष्ट नाही, निदान मला दिसली नाही.

मी तुमच्या जागी समोर बसलेल्या पेशंटला काय सांगितलं असतं ते लिहिते. पहिलं, गर्भाशयाची पोकळी आतून नीट बघितली गेलीये का, चांगला थ्रीडी स्कॅन किंवा हिस्टेरोस्कोपी (आत दुर्बीण घालून बघणं), पॉलिप, पडदा, आत डोकावणारा फायब्रॉईड यासाठी. दुसरं, ट्यूबमध्ये पाणी साठलेलं नाही ना, कारण ते झिरपून गर्भाशयात येतं आणि यशाची शक्यता जवळजवळ निम्म्यावर आणतं, आणि ते पीआयसारखं संशयाचं प्रकरण नाही, ट्यूब काढून किंवा क्लिप लावून सरळ दुरुस्त होतं. हे सुटलेलं मी एकदा नाही अनेकदा पाहिलंय, तिकडे बाई सहा महिने रक्त वाढवायच्या गोळ्या घेत असते. तिसरं, थायरॉईड, शुगर, आणि बीटा येऊन उतरलेला असल्यामुळे तुमच्या डॉक्टरांना योग्य वाटलं तर अँटिफॉस्फोलिपिडच्या तपासण्या. चौथं, किती गर्भ शिल्लक आहेत ते बघून जेनेटिक टेस्टिंगबद्दल बोलायचं, दोनच असतील तर मी आग्रह धरणार नाही, जास्त असतील तर विचार करण्यासारखं आहे. आणि पाळी नियमित असेल तर पुढचा ट्रान्सफर नॅचरल सायकलमध्ये, म्हणजे स्वतःच्या पाळीच्या चक्रातच, जमेल का ते विचारा, तुमचं स्वतःचं ओव्ह्युलेशन झालं की त्यातून तयार होणारी हार्मोन्स फक्त अस्तरालाच नाही तर पुढे प्रेग्नन्सीत बीपी नीट राहायलाही मदत करतात असं आता दिसतंय.

डॉपलर परत करायचंच असेल तर ट्रान्सफरच्या सायकलमध्ये, अस्तर तयार झाल्यावर, पंधरा मिनिटं शांत बसून, शक्यतो एकाच माणसाकडून. माझ्याकडे आलात तर मी बहुधा करणारही नाही.

डॉक्टरांना थेट विचारायचे प्रश्न दोनच: 'यातलं प्रत्येक औषध माझ्या कोणत्या निदानासाठी आहे?' आणि 'हे दिलं नाही तर तुमच्या मते माझा चान्स किती कमी होईल?' चांगला डॉक्टर चिडत नाही, उलट यादी स्वतःच छाटतो. कदाचित त्यांना तुमच्याबद्दल असं काही माहीत असेल जे तुम्ही इथे लिहिलं नाहीत, तेव्हा ऐकूनही घ्या.

राहिलं तुम्ही जाता जाता विचारलेलं, की दुसऱ्या वेळी ट्रान्सफरनंतर चौथ्या दिवशी जिना चढलात त्याने झालं का. नाही. ट्रान्सफरनंतर पडून राहिल्याने फायदा होत नाही हे तपासून झालेलं आहे, गर्भ अस्तराच्या दोन भिंतींमध्ये दाबून बसलेला असतो, जिन्याने तो घसरत नाही. सुट्टी काढून पलंगावर झोपून राहिलात त्याची गरज नव्हती, आणि चालणं बंद केलंय ते उद्यापासून परत सुरू करा. हिस्टेरोस्कोपी कधी झाली होती का आणि ट्यूबचा एक्सरे असेल तर त्यात काय लिहिलंय तेवढं कळवा, मग पुढचं बोलू.